पाळण्याखालची जमीन

1989 साली मालाडच्या मार्वे धक्क्यावर मुंबईकरांची वेगळीच गर्दी दिसू लागली. तोवर इथून खाडी ओलांडणारे म्हणजे मनोरी-गोराईचे कोळी, बाजाराला जाणाऱ्या ईस्ट इंडियन बाया आणि सुट्टीच्या दिवशी किनारा गाठणारी थोडी हौशी मंडळी. आता तिथं शाळांच्या सहली उतरू लागल्या, कडेवर मूल आणि हातात डबा घेतलेली कुटुंबं होडीची वाट पाहू लागली. पलीकडे गोराईत 64 एकरांवर एस्सेलवर्ल्ड सुरू झालं होतं. पाळण्यात बसण्यासाठी आधी होडीत बसायचं, ही गोष्टच मुलांना अर्धी सहल वाटायची.

हे उद्यान उभं करणारे सुभाष चंद्र मूळचे हरियाणातल्या हिसारचे. घराणं धान्याच्या व्यापारातलं. टूथपेस्टच्या लॅमिनेटेड ट्यूब बनवण्याचा कारखाना ही त्यांची पुढची उडी. झी टीव्ही यायला अजून तीन वर्षं अवकाश होता. मुंबईत तेव्हा मुलांना न्यायचं म्हणजे राणीची बाग, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट किंवा चौपाटीवरचा हातानं फिरवायचा पाळणा. माहीमचा उरूस आणि वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा वर्षातून एकदाच यायच्या. दिवसभराचं तिकीट काढून एका फाटकातून आत जायचं आणि अंधार पडेपर्यंत एकामागून एक खेळ खेळत राहायचं, हा प्रकार मुंबईकरांना नवा होता.

या उद्यानांचा इतिहास लिहायचा तर सुरुवात सातबाऱ्यापासून करावी लागते. गोराईत एवढी सलग जागा मिळाली, कारण तिथं जायला पूल नव्हता. बोरिवलीच्या किंवा मार्व्याच्या धक्क्यावरून होडी, नाहीतर भाईंदर-उत्तनचा लांबचा वळसा, एवढे दोनच मार्ग. ज्या कारणानं जमीन आवाक्यात आली, त्याच कारणानं गिऱ्हाईक लांब राहिलं. उद्यान सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, तोच 19 फेब्रुवारी 1991 रोजी केंद्र सरकारनं किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. भरतीरेषेपासून 500 मीटरच्या पट्ट्यातल्या बांधकामावर निर्बंध आले. निर्बंध योग्यच होते, खाडीकाठच्या खारफुटीला त्यांची गरज होती. पण बेटावर काही वाढवायचं म्हटलं की समुद्र, खाडी, खारफुटी आणि कायदा या चारही बाजू सांभाळाव्या लागणार, हे तेव्हाच ठरून गेलं.

पाळण्यांचा धंदा बाहेरून दिसतो तितका सोपा नाही. रोलर कोस्टरचे डबे साखळी वर ओढून नेते आणि शिखरावर सोडून देते. तिथून पुढचा सगळा प्रवास वजनाच्या आणि उताराच्या जोरावर होतो. ती साखळी, ती चाकं, खांद्यावरून खाली येणारा तो आडवा दांडा, सगळं फाटक उघडण्याआधी रिकाम्या डब्यांनिशी तपासून पाहावं लागतं. गोराईत त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. लोखंड गंजतं, रंग उडतो, सुटा भाग परदेशातून यायचा असेल तर तो येईपर्यंत खेळ बंद. जून ते सप्टेंबर पाऊस. उरलेल्या आठ महिन्यांत खरी गर्दी मे महिन्याची, दिवाळीची आणि शनिवार-रविवारची. मंगळवारी दुपारी पाच माणसं आली तरी वीज तितकीच जळते आणि माणसांचे पगार तितकेच द्यावे लागतात. शिवाय एकदा येऊन गेलेल्या मुलाला दुसऱ्यांदा आणायचं तर काही वर्षांनी नवा खेळ आणावाच लागतो. 1998 साली शेजारीच वॉटर किंगडम सुरू झालं, त्यामागे हाच हिशेब असणार. मुंबईच्या उन्हाळ्यात पाण्याला मागणी कायम असते.

एस्सेलवर्ल्डचं खरं यश मात्र बेटाच्या बाहेर होतं. दूरदर्शनवरच्या जाहिरातीत घरी जायला नकार देणाऱ्या मुलांचं ते गाणं एका पिढीच्या तोंडी बसलं. मार्वे धक्का कुठं आहे हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनाही ते पाठ होतं. आमच्या गोंदियाजवळच्या मुर्रीपासून मुंबई रेल्वेनं हजार किलोमीटरच्या आसपास. इकडच्या पोरांपैकी किती जणांनी प्रत्यक्ष गोराई पाहिली असेल? पण टीव्हीसमोर बसून ते गाणं म्हणणारी मुलं घरोघरी होती. महाराष्ट्राच्या एका टोकाचं उद्यान दुसऱ्या टोकाच्या मुलांच्या मनात असं उभं राहिलं. शेजारच्या भंडाऱ्याचा एखादा पोरगा नागपूरला मावशीकडे गेला तरी परत येऊन आपण एस्सेलवर्ल्ड पाहिल्याच्या थापा मारू शकायचा, इतकं ते नाव मोठं होतं.

इकडे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत खेळ-तमाशाची जागा मंडईची. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, त्यामुळे आज या गावची मंडई, उद्या त्या. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं. गोवारी बांधवांचा ढालीभोवतीचा नाच, दंडार, खडीगंमत, आणि रात्र चढली की नाटक. तळ्यांतले शिंगाडे उकडून विकायला बसलेल्या ढिवर बाया, उसाचे पेर, मुरमुऱ्यांचे ढीग, बांगड्यांची दुकानं, आणि एका कडेला आकाशपाळणा. तो पाळणा ट्रकमधून सुटा येतो. धान कापलेल्या बांधीत किंवा गावठाणाच्या मोकळ्या जागेत आधी लाकडी ठोकळे लावून पाया समतल करतात, मग दोन बाजूंचे तिरके खांब उभे राहतात, मधला आस चढतो, आरे बसतात आणि सर्वांत शेवटी पाळणे अडकवले जातात. सकाळी रिकाम्या असलेल्या जागी संध्याकाळी दिवे लागलेले असतात. मंडई उठली की तो ट्रकमध्ये पुन्हा चढतो. ही जागा कुणी विकत घेतलेली नसते, तिच्यावर कर्ज नसतं, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शेतकऱ्याची किंवा गावाची असते. मनोरंजनाची ही रीत कितीतरी जुनी आहे आणि तिनं कुणाची जमीन खाल्ली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

शहरांतली कायमची उद्यानं मात्र एकेक करून गेली. दिल्लीचं अप्पू घर 19 नोव्हेंबर 1984 रोजी प्रगती मैदानावर सुरू झालं होतं. 1982 च्या आशियाई खेळांचा हत्ती अप्पू, त्याचं नाव. उत्तर हिंदुस्थानातल्या मुलांची दिल्ली अप्पू घराशिवाय पुरी व्हायची नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये ते बंद झालं. भाडेपट्टा संपला आणि जागा सर्वोच्च न्यायालय आणि मेट्रोच्या कामी आली. मुंबईत जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरचं फँटसी लँड नव्वदच्या दशकात मुलांनी भरून जायचं. होडी नको, खाडी नको, बसनं थेट फाटकाशी. पण जी जागा बसनं गाठता येते ती बिल्डरलाही गाठता येते. उपनगरातल्या जमिनीचे भाव चढले आणि फँटसी लँड नाहीसं झालं. आज त्या भागात उंच इमारती आहेत आणि रस्त्यावर मेट्रो सहाचे खांब उभे राहिले आहेत. तिथं कधी पाळणे होते हे सांगणारी पाटी कुठंही नाही. राजवाडे आणि किल्ल्यांची आपण नोंद ठेवतो, आणि लाखो मुलांनी आयुष्यातली पहिली भीती आणि पहिला आनंद ज्या जागी अनुभवला तिची साधी नोंदही ठेवत नाही, याची मला खंत आहे.

पुण्यात त्यातल्या त्यात बरं घडलं. सारसबागेशेजारच्या पेशवे पार्कातलं प्राणिसंग्रहालय कात्रजला गेलं, पण 8 एप्रिल 1956 रोजी धावू लागलेली ‘फुलराणी’ ही मुलांची छोटी आगगाडी पुणेकरांच्या तीन पिढ्यांनी पाहिली. महापालिकेची जागा महापालिकेकडेच राहिली, म्हणून ते शक्य झालं.

गोराईचा शेवट लांबत गेला. 2013 च्या एप्रिलमध्ये मनमोहन शेट्टींनी खोपोलीजवळ मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गालगत अॅडलॅब्स इमॅजिका सुरू केलं, तेव्हा गिऱ्हाइकाला होडीऐवजी सरळ मोटारीचा रस्ता मिळाला. खर्च सुमारे 1,600 कोटींचा, त्यातला मोठा भाग कर्जाचा. मार्च 2015 मध्ये कंपनीचे शेअर लोकांना विक्रीला आले. खेळ देखणे होते, राजासौरसची नदी होती, सलीमगडचा भुताटकीचा प्रवास होता. पण व्याजाचा हप्ता पाऊस-ऊन बघत नाही. 1 जुलै 2017 पासून मनोरंजन उद्यानांच्या तिकिटावर 28 टक्के जीएसटी बसला, तो जानेवारी 2018 मध्ये 18 टक्क्यांवर आला. तोवर बरंच नुकसान झालेलं होतं. पुढे महासाथ आली, मार्च 2020 पासून सगळीच फाटकं बंद झाली. 2022 मध्ये इमॅजिकाचा ताबा संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेला आणि ते वाचलं. त्याच वर्षी एस्सेलवर्ल्डचं फाटक लोकांसाठी बंद झालं. वॉटर किंगडम चालू राहिलं, शेजारच्या कोरड्या पाळण्यांना माणूस दिसेनासा झाला.

त्याच आवाराशेजारी एक वास्तू मात्र उभी राहिली आहे. सुभाष चंद्र यांनी दिलेल्या जागेवर सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेनं विपश्यना पॅगोडा बांधला गेला. 8 फेब्रुवारी 2009 रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मधे एकही खांब नसलेल्या त्याच्या घुमटाखाली 8,000 माणसं एका वेळी ध्यानाला बसू शकतात. दगडात दगड अडकवून उभारलेलं ते काम आहे, आणि शेकडो वर्षं टिकावं या हेतूनं केलेलं आहे. एकाच मालकाच्या एकाच बेटावरच्या जमिनीतून दोन गोष्टी उभ्या राहिल्या, त्यांतली दान दिलेली टिकली.

तिसरी गोष्ट उभीच राहिली नाही, आणि माझ्या मते गोराईच्या इतिहासातलं सर्वांत मोठं पान तेच आहे. 10 फेब्रुवारी 2006 पासून विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा लागू झाला आणि महाराष्ट्रात अशा क्षेत्रांच्या प्रस्तावांचा पाऊस पडला. त्यांत एस्सेल समूहाचा एक प्रस्ताव होता: गोराई, मनोरी आणि उत्तनच्या पट्ट्यात हजारो एकरांवर पर्यटन आणि करमणुकीचं विशेष क्षेत्र. 64 एकरांचं उद्यान त्यापुढे लहानसा कोपरा ठरलं असतं.

अमेरिकेत असं घडलेलं होतं. वॉल्ट डिस्ने यांनी 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू केलं, आणि बघता बघता कुंपणाबाहेर इतरांची हॉटेलं उभी राहिली. गर्दी डिस्नेची आणि कमाई शेजाऱ्यांची. पुढच्या वेळी ही चूक नको म्हणून 1964-65 मध्ये फ्लोरिडात वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून, खरा खरेदीदार कोण हे कळू न देता, सुमारे 27,000 एकर जमीन घेतली गेली. तिथं 1971 साली डिस्नेवर्ल्ड सुरू झालं. उद्यानाच्या भोवतालची जमीनही आपलीच हवी, हा धडा जगभरच्या उद्यानवाल्यांनी तेव्हा घेतला.

पण फ्लोरिडातली ती जमीन बरीचशी दलदलीची आणि विरळ वस्तीची होती. धारावी बेट तसं नव्हतं. मुंबईतल्या झोपडवस्तीचं नाव आणि या बेटाचं नाव एकच, म्हणून घोटाळा होतो. गोराई-मनोरी-उत्तन मिळून होणारं हे बेट वेगळं. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेनं याच धारावीसाठी पोर्तुगिजांशी झुंज दिली होती. कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती इथं कित्येक पिढ्या नांदत आले. पावसाळ्यात भात, नंतर भाजीचे मळे. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडींवर ओळीनं टांगलेले बोंबील. वलांडीला लागते ती जागा ऊन, वारा आणि समुद्राच्या जवळिकीची, त्यामुळे ती हलवता येत नाही. चर्चच्या आवारात आणि कोळीवाड्यात बैठका झाल्या, बेट वाचवण्यासाठी समिती उभी राहिली, मोर्चे निघाले. लोकांचं म्हणणं साधं होतं. होड्या कुठं ओढायच्या, मासळी कुठं वाळवायची, आणि आपल्याच गावात शिरायला उद्या परवानगी मागायची का?

तेव्हा रायगडातही हीच लढाई चालू होती. 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातल्या 22 गावांत महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी शेतकऱ्यांची मतं घेण्यात आली. जमिनीच्या प्रश्नावर सरकारनं शेतकऱ्यालाच विचारावं, ही देशातली दुर्मीळ घटना होती. त्या सगळ्या वातावरणात गोराईचा प्रस्ताव लोकांच्या विरोधापुढे बारगळला. पुढे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानंही या पट्ट्यासाठी पर्यटनाचा आराखडा आणला. त्यालाही गावांनी हरकती घेतल्या. बोंबील अजून तिथंच वाळतात.

न झालेल्या उद्यानाचा हा विजय एकट्या धारावी बेटाचा नाही. नोव्हेंबर 1993 मध्ये डिस्ने कंपनीनं अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात इतिहासावरचं उद्यान जाहीर केलं. जागा यादवी युद्धातल्या मनॅसस रणभूमीपासून थोड्याच अंतरावर. इतिहासकार डेव्हिड मॅकलॉ आणि त्यांच्यासारखे अनेक अभ्यासक उभे ठाकले, स्थानिक रहिवासी त्यांना मिळाले, आणि सप्टेंबर 1994 मध्ये कंपनीनं माघार घेतली. तिथं इतिहासकार लढले, इथं कोळी आणि आगरी लढले. मला आपल्या लढाईचं जास्त कौतुक वाटतं, कारण या लोकांच्या बाजूनं कुठलंही मोठं नाव नव्हतं.

महाराष्ट्रात जी उद्यानं कागदावर राहिली, त्यांची यादी लांबेल. त्यातलं सर्वांत ठसठशीत महालक्ष्मी रेसकोर्सचं. 1883 पासून तिथं घोडे धावतात. शर्यती भरवणाऱ्या क्लबचा भाडेपट्टा 31 मे 2013 रोजी संपला, तेव्हा शिवसेनेनं तिथं थीम पार्कची मागणी लावून धरली. महापौर सुनील प्रभू होते आणि महापालिका शिवसेनेकडे. राज्यात सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं, जमिनीचा मोठा हिस्साही राज्याचाच. चित्रं छापून आली, वाद झाले, आणि अकरा वर्षं कुदळ पडली नाही. 2024 मध्ये एकनाथ शिंदे यांच्या सरकारच्या काळात वाटणी ठरली: 211 एकरांपैकी 120 एकर महापालिकेकडे, 91 एकर क्लबकडे, आणि किनारी रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेशी जोडून सुमारे 300 एकरांचं मध्यवर्ती उद्यान. या वेळी शब्द ‘थीम पार्क’ नव्हता, उद्यान होता. तिथं पक्कं बांधकाम होणार नाही असा शब्द दिला गेला आहे. दक्षिण मुंबईतली ही शेवटची मोठी मोकळी जमीन. तिथं एकही पाळणा उभा राहिला नाही तरी चालेल, नुसतं गवत आणि झाडं राहिली तरी मुंबईच्या मुलांना ते कुठल्याही पाळण्यापेक्षा जास्त हवं आहे.

पुण्याच्या कोथरूडची कथा आणखी चटका लावणारी. तिथल्या बंद पडलेल्या कचरा डेपोच्या 28 एकरांवर शिवसृष्टी उभारायची असं महापालिकेत ठरलं होतं. कचऱ्याच्या जागी शिवचरित्र, कल्पना मोठी होती. पण मेट्रोला वनाजच्या टोकाला गाड्या ठेवायला डेपो हवा होता. एकाच जमिनीवर दोन स्वप्नं आली. फेब्रुवारी 2018 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडच्या बैठकीत तोडगा निघाला: कोथरूडची जागा मेट्रोला, शिवसृष्टी चांदणी चौकाजवळ जैवविविधता उद्यानासाठी राखलेल्या 50 एकरांवर. 6 मार्च 2022 रोजी वनाजहून मेट्रो धावू लागली. शिवसृष्टी चांदणी चौकाच्या टेकडीवर वर्षानुवर्षं कागदावरच राहिली. मेट्रो हवीच होती, त्यात वाद नाही. पण मुलांसाठी राखलेली जमीन कुणाला तरी लागली की ती सर्वांत आधी सुटते, हा आपला रिवाजच होऊन बसला आहे.

शिवसृष्टीचा मूळ धागा त्याहून जुना. 1974 साली राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीनिमित्त बाबासाहेब पुरंदरे यांनी दादरच्या शिवाजी पार्कवर शिवसृष्टी उभारली होती. प्रदर्शन संपलं, मैदान पुन्हा खेळणाऱ्या मुलांचं झालं. कायमची शिवसृष्टी करायची हा ध्यास त्यांनी पुढची सगळी वर्षं धरला. आंबेगावच्या 21 एकरांवर काम सुरू झालं, तेही तुकड्यातुकड्यानं, देणग्या जमतील तसं. 15 नोव्हेंबर 2021 रोजी बाबासाहेब गेले. ‘सरकारवाडा’ या पहिल्या टप्प्याचं उद्घाटन 19 फेब्रुवारी 2023 रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांच्या हस्ते झालं. शिवाजी पार्कपासून मोजलं तर 49 वर्षं. शंभरीला टेकलेल्या माणसाला आपलं काम पाहायला 15 महिने कमी पडले.

आता आमच्या विदर्भाकडे. 2005 च्या उन्हाळ्यात पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये नागपूर-अमरावती रस्त्यावरच्या बाजारगावची हकीकत लिहिली. गावात पाण्याची टंचाई, बायकांची वणवण. आणि गावाच्या हद्दीतल्या मनोरंजन उद्यानात पाण्याच्या 18 घसरगुंड्या आणि बर्फाचा घुमट. बाहेर 47 अंश, घुमटात 13. उद्यानात काम मिळालेली माणसंही त्याच गावातली होती. हा लेख मी पहिल्यांदा वाचला तेव्हापासून कुठल्याही वॉटर पार्कच्या फाटकाशी उभं राहिलं की पहिला प्रश्न मनात येतो, हे पाणी कुठून येतं?

नागपूरच्या अंबाझरीत प्रश्न पाण्याचा नव्हता, स्मृतीचा होता. तलावाकाठच्या 44 एकरांच्या उद्यानाचा परिसर राज्याच्या पर्यटन महामंडळामार्फत खासगी कंपनीला मनोरंजन उद्यानासाठी दिला गेला. त्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांस्कृतिक भवन होतं. जून 2021 मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, ते पाडलं गेलं. ज्या शहरात 14 ऑक्टोबर 1956 ची धम्मदीक्षा झाली, त्या शहरात. 2023 च्या जानेवारीपासून बाया तिथं धरणं धरून बसल्या आणि महिनोन्‌महिने उठल्या नाहीत. भवन त्याच जागी पुन्हा बांधा, एवढीच त्यांची मागणी. उद्यान झालं नाही, भवन गेलं, आणि नागपूरच्या मुलांच्या तीन पिढ्या जिथं खेळल्या ती अंबाझरीची बागही कुलूपबंद राहिली. एका करारानं तिन्ही गोष्टी घालवल्या.

या सगळ्या हकिगतींत एक व्यक्ती कुठंच दिसत नाही: मूल. भाडेपट्टा, निविदा, आरक्षण, कर्ज, हप्ता, सगळं मोठ्यांचं. उद्यान आणताना मुलांचं नाव पुढे केलं जातं आणि जमीन दुसऱ्याला देताना त्यांना कुणी विचारत नाही. याला एक अपवाद दिसतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरचं स्टीपलचेस पार्क 1897 पासून चालू होतं आणि 1964 साली बंद झालं. बांधकाम व्यावसायिक फ्रेड ट्रम्प यांनी ती जागा घेतली, 1966 मध्ये पाळणे पाडले. त्यांना तिथं निवासी इमारती हव्या होत्या, पण जमिनीचा वापर बदलून मिळाला नाही. बरीच वर्षं ती जागा ओस पडून राहिली, आणि 2001 साली तिथं बेसबॉलचं मैदान उभं राहिलं. पाळणे वाचले नाहीत, पण जमीन खेळाचीच राहिली. ती कुणा मालकाच्या सद्भावनेनं राहिली नाही. शहराच्या नियमानं राहिली.

असा नियम आपल्याकडेही आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 प्रमाणे विकास आराखड्यात बाग, क्रीडांगण, मनोरंजन यांसाठी जागा आरक्षित होतात. ते आरक्षण बदलायचं तर कलम 37 प्रमाणे सूचना प्रसिद्ध करून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. आणि कलम 127 चा धोकाही लक्षात ठेवायला हवा: आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, मालकानं नोटीस दिली आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. कितीतरी बागा आणि मैदानं या एका कलमानं, गाजावाजा न होता, गेली आहेत. गोंदिया असो, नागपूर असो की मुंबई, तुमच्या शहराचा विकास आराखडा नगरपरिषदेत किंवा महापालिकेत पाहायला मिळतो. तो एकदा जाऊन पाहा. त्यातली हिरवी जागा कोणती, तिच्यावर आज काय आहे आणि दहा वर्षं कधी भरतात, हे लिहून ठेवा. वर्तमानपत्रात आरक्षण बदलाची सूचना छापून आली तर मुदतीत हरकत दाखल करा. त्यासाठी वकील लागत नाही. साध्या कागदावर लिहून, सही करून, आवक कक्षात पोच घेतली की पुरते.